कडीचं गाणं म्हणायचं की नाही

प्रिय बाई,

शनिवारी बालवाडीचं संमेलन झालं. दरवर्षी संमेलनानंतरच्या सोमवारी पोरं घरी गेली की आपण दोघी वर्गातच बसायचो, त्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे पोटाशी घेऊन. कुठलं गाणं पोरांनी खरंच म्हटलं आणि कुठलं नुसतं ओरडून संपवलं, हे तुम्ही एकेक करून सांगायचात. आज सोमवार. पोरं गेली, मावशींनी वर्ग झाडला, आणि मी एकटीच बसून राहिले. आपल्या मुख्याध्यापिका कदम मॅडम दारातून डोकावल्या, "छान झालं हो अश्विनी" म्हणाल्या आणि त्यांच्या कामाला गेल्या. तुम्ही "छान झालं" एवढ्यावर कधी सोडलं असतं का? म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी माझा राग सांगते, मग संमेलनाचं.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही "मिरजेला माहेरी जाऊन येते" म्हणालात. मला वाटलं, भावाकडे चार दिवस राहणार, भाचरांचे लाड करणार. तुम्ही दवाखान्यात भरती झाला होतात! कदम मॅडमना ठाऊक होतं, मला नव्हतं. इतकी वर्षं एका वर्गात काढली, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं, मग मला का नाही सांगितलंत? कळल्यावर मी भेटायला आले तेव्हा खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसला होतात. हातावर पट्टी, आवाज बारीक झालेला. मी तब्येतीचं विचारत होते आणि तुम्ही विचारलंत, "गाणी ठरली का?"

मी म्हटलं, तुम्ही आल्यावर ठरवू.

"आले तर ऐकीन. ठरव तू."

तेवढंच. पुढच्याच आठवड्यात तुम्ही गेल्याचा निरोप आला.

मिरजेच्या तुमच्या घरी मी त्या दिवशी पहिल्यांदा आले. बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या, तुमच्या भावजयीनं मला स्वतःशेजारी बसवून घेतलं. वर आढ्याला तंबोऱ्याचे भोपळे टांगलेले होते, लहान-मोठे. तुम्ही सांगायचात, तंबोरे बनवणारे तुमचे अब्बा भोपळा विकत घेताना बोटानं वाजवून बघायचे, दिसायला कितीही गोल असला तरी आवाज आवडला नाही तर परत ठेवायचे. मी वर बघत बसले. रडू मला तिथे आलं नाही, परतीच्या एस.टी.त आलं.

मी कोरेगावहून लग्न होऊन कुंडलला आले आणि बालवाडीत लागले, तेव्हा मला वाटायचं, लहान पोरांचं गाणं निवडायला काय लागतं? चिऊ, काऊ, मनी, हम्मा, झालं. पहिल्याच वर्षी मी हौसेनं एक गाणं आणलं. मला फार आवडणारं, लांबलचक ओळींचं. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. "शिकव," म्हणालात. चार दिवस शिकवलं. मग तुम्ही मला डब्याच्या सुट्टीत पटांगणात नेलंत. "ऐक, कोण गुणगुणतंय का?" कुणीही गुणगुणत नव्हतं. पोरं घसरगुंडीवर तुमचं म्हशीचं गाणं म्हणत होती. मी माझं गाणं सोडून दिलं. तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत, हे मला जास्त लागलं होतं, बरं का!

पट्टीचंही तसंच. मी माझ्या आवाजाला सोयीची पट्टी धरायचे आणि पोरांचे आवाज खाली जाऊन नाहीसे व्हायचे. तुम्ही म्हणालात, पोरं पटांगणात एकमेकांना हाक मारतात ना, ती पट्टी धर. "ए सईऽ" म्हणताना पोरगी जिथून ओरडते तिथून गाणं सुरू कर, आपला घसा दुखला तर दुखू दे. एवढी सोपी गोष्ट मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितली नव्हती.

आणि तो सातारचा पाहुणा आठवतो का? एका वर्षी संस्थेनं संमेलन बसवायला एक गायनशिक्षक बोलावले होते. चांगले गाणारे होते, पोरांशी बोलायचेही गोड. त्यांनी मोठ्या गटातल्या एका मुलाला, त्याचा आवाज बेसूर म्हणून, "तू फक्त ओठ हलव" असं सांगितलं. तो मुलगा खूश होता, त्याला वाटलं आपल्याला वेगळं काम मिळालं. तुम्ही सगळ्यांसमोर काही बोलला नाहीत. तालीम संपल्यावर सरांना चहा दिलात आणि सांगितलंत, की इथे ओठ हलवायला कुणी येत नाही, त्याचा सूर चुकत असेल तर आपण त्याच्या शेजारी पक्क्या आवाजाची दोन पोरं उभी करू. सर जरा नाराज झाले. पण तो मुलगा गायला, बेसूरच गायला, आणि त्याची आजी पुढच्या रांगेत बसून त्याचाच आवाज ओळखत होती.

आता यंदाचं.

तुम्ही गेल्यावर महिन्याभरानं कदम मॅडमनी मला बोलावून विचारलं, यंदा तरी स्पीकरवर गाणी लावून नाच बसवायचे का? शेजारच्या गावात मोठा पडदा लावतात, धूर सोडतात, पालक तेच मागतात. त्यांचंही चूक नव्हतं. पालक त्यांना येऊन बोलतात, मला नाही. मी म्हटलं, यंदा पोरं गाऊ देत, बाईंनी ऑगस्टपासून शिकवलंय ते वाया जायला नको. त्या हो म्हणाल्या. पडदा मात्र लावायचं ठरलं.

तीन गाणी लगेच ठरली. म्हशीचं, एस.टी.चं आणि नदीचं. महापूर आला त्या वर्षी तुम्ही नदीचं गाणं बाजूला ठेवलं होतंत, आठवतंय? काठच्या गावातली पोरं आपल्याकडे शिकायला आली होती आणि पाणी म्हटलं की गप्प व्हायची. तुम्ही कुणाला कारण सांगितलं नाहीत, गाणं नुसतं बंद केलंत. पुढे कधीतरी एका पोरानंच मागितलं, तेव्हा परत घेतलंत.

चौथं गाणं तुमचं स्वतःचं. कडीचं गाणं. ते शेवटी म्हणायचं हे ठरलेलंच असतं.

कडी कुणी वाजवली? कडी कुणी वाजवली?
दूधवाल्या काकांनी, किटली खाली ठेवली.

मग बाजारातून आलेली आजी पिशवी खाली ठेवते, शाळेतून आलेली ताई दप्तर खाली ठेवते. आणि शेवटी:

कडी कुणी वाजवली? कडी कुणी वाजवली?
सुट्टीवरच्या बाबांनी, ट्रंक खाली ठेवली.

या गावात हे शेवटचं कडवं कुणाला कळत नाही? घराआड एक माणूस फौजेत. या कडव्याला पोरं पायही आपटतात. तुम्ही ते थांबवायचा प्रयत्न कधी केला नाहीत.

पण तुम्ही गेल्यानंतर इथे काय झालं, ते तुम्हाला माहीत नाही. मोठ्या गटातली गौरी, कपाळावर कुरळे केस येणारी, आजोबांचं बोट धरून यायची ती. तिचे वडील गेले. डोंगरात ड्यूटीवर होते, गाडी दरीत गेली. त्यांना गावात आणलं तेव्हा सगळं गाव रस्त्यावर उभं होतं. गौरीला तिच्या मामानं कडेवर घेतलं होतं आणि ती गर्दीतल्या पोरांना ओळखून हात करत होती.

दोन आठवड्यांनी ती शाळेत आली. मी कडीचं गाणं बंद केलं. नदीच्या गाण्याचं तुम्ही केलंत तेच मी केलं, असं मला वाटलं. बरोबर होतं ना?

पोरांनी ऐकलं नाही. तालमीत मी तीन गाण्यांवर थांबले की मागून कुणीतरी "कडी कुणी वाजवली" सुरू करायचंच. मी मग बाबांच्या जागी मामा घातला. "सुट्टीवरच्या मामांनी." सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघून मोठ्यानं "बाबांनी"च म्हटलं.

तेवढ्यात गाणं बंद केल्याचं आण्णांच्या कानावर गेलं. तुम्हाला माहीत आहेत आपले आण्णा, संस्थेचे जुने विश्वस्त, मनानं चांगले, पण एखादी गोष्ट डोक्यात आली की कार्यक्रमच करून टाकणार. ते शाळेत आले. म्हणाले, गाणं घ्याच, आणि शेवटच्या कडव्याला गौरीला पुढे आणून उभी करा, हातात झेंडा द्या, मागे पडद्यावर तिच्या वडिलांचा फोटो दाखवू. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. कदम मॅडमना ते पटलं नाही हे मला दिसत होतं, पण आण्णांना नाही कोण म्हणणार? मी एवढंच म्हटलं, घरच्यांना विचारते.

विचारायला जायचं मी दोन दिवस टाळलं. काय तोंडानं विचारायचं? एका पोरीच्या आईला जाऊन सांगायचं, बाबा घरी येतात असं गाणं तुमची मुलगी गाणार आहे, चालेल का?

तिसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत पोरी डब्याच्या झाकणांवर ठकठक करून तेच गाणं म्हणत बसल्या होत्या. गौरी मध्येच होती. शेवटचं कडवं आलं तसं मी उठले, पण पोचेपर्यंत म्हणून झालं होतं. गौरीनंही म्हटलं, इतरांएवढंच मोठ्यानं. मी तिच्याशेजारी बसले. हे गाणं तुला आवडतं का, विचारलं. तोंडात चपातीचा घास होता, तिनं मान हलवली. शेवटचं कडवंसुद्धा?

ती घास गिळून म्हणाली, "माझा बाबा न्हाई येणार. सईचा येणार हाय. मी सईच्या बाबाचं म्हणते."

आणि तिनं शेजारी बसलेल्या सईकडून आपलं झाकण परत मागितलं.

बाई, मी काय करायला हवं होतं? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि उठले. त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले.

तिचे आजोबा, तात्या, अंगणात खाटेवर बसले होते. स्वतः सुभेदार होऊन निवृत्त झालेले. दारातच गौरीची आई, रूपाली, शेंगा फोडत होती. मी सगळं सरळ सांगितलं. गाणं बंद केलं ते, पोरं ऐकत नाहीत ते, आण्णांचा झेंडा आणि फोटो, आणि गौरी डब्याच्या सुट्टीत जे बोलली तेही. रूपालीचा शेंगा फोडायचा हात चालूच होता. मला वाटलं, आता उठून आत जाईल.

मग ती म्हणाली, "घरात बी म्हणती ती. पयल्यांदा म्हटली तवा मी धपाटा घातला तिला." पुढची शेंग उचलत म्हणाली, "गाणं ऱ्हाऊ द्या. फोटो नको. तिला एकटीला पुढं उभी करू नका, बाई. लोकांनी लय बघितलंय तिच्याकडं."

संमेलनाला येशील ना, असं मी विचारलं. बघू, म्हणाली. न येण्याचंच ते "बघू" होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या गौरीला सोडायला आले ते परत गेले नाहीत. डोक्यावर टोपी, इस्त्रीचा सदरा. आण्णा येईपर्यंत ऑफिसच्या बाकावर ताठ बसून राहिले. आण्णा आले, तात्यांना बघून गडबडले, खुर्ची द्या, चहा सांगा, सुरू झालं. तात्यांनी चहा घेतला नाही.

"आण्णा," ते म्हणाले, "पोरगी रांगेत उभी हाय. तिला रांगेतनं भायेर काढू नका."

 आण्णा म्हणाले, "बरं." एवढंच. त्यांचा मान राहावा म्हणून मॅडमनी सुचवलं, की पोरं स्टेजवर यायच्या आधी, सुरुवातीलाच, मोठ्यांनी उभं राहून श्रद्धांजली वाहावी. तसं केलं. पडद्यावर फोटो तेव्हा दाखवला आणि काढला. पोरं त्या वेळी वर्गात होती, मी पोरींच्या वेण्या घालत होते.

आता गाण्यांचं सांगते, तुम्ही तेच आधी विचारलं असतं.

म्हशीचं गाणं फसलं. माईक मध्येच किंचाळला, अर्धी पोरं कानांवर हात ठेवून उभी राहिली आणि दुसरं कडवं कुणाला आठवलंच नाही. एस.टी.च्या गाण्याला मी घाबरून पट्टी खाली धरली. तुमची पेटी माझ्या हाताला अजून बसलेली नाही, भाता मारू की सूर बघू अशी गत होते. पोरांचे आवाज खाली गेले तसं मी थांबवलं आणि परत वरून सुरू केलं. लोक हसले. हसू देत. दुसऱ्यांदा चांगलं झालं. रुद्र नावाचा पोरगा आहे, तो सगळ्यांच्या एक शब्द पुढे असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना पक्की पोरं दिली होती, त्यानं त्या दोघांनाही पुढे ओढलं! नदीचं गाणं मात्र सुरेख झालं. तुम्ही असतात तर मान हलवली असतीत.

मग कडीचं.

गौरी दुसऱ्या रांगेत होती, सईच्या शेजारी. सईचे वडील खरंच सुट्टीवर आले होते, पुढेच बसले होते. मी पेटीमागून शोधत होते, रूपाली आली आहे का. ती फाटकाजवळ भिंतीला टेकून उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. कधी आली, मला कळलं नाही.

काका झाले, आजी झाली, ताई झाली. शेवटच्या कडव्याच्या आधी गौरीनं सईला कोपरानं ढोसलं, तुझं आलं म्हणून. आणि दोघींनी म्हटलं. सगळ्यांनीच म्हटलं, पाय आपटून. मोठ्या माणसांच्या टाळ्या उशिरा सुरू झाल्या. पोरांना त्याचं काही नव्हतं, ती खाऊ कुठे आहे ते विचारायला लागली.

पालक पोरांना न्यायला पुढे आले. सई पळत वडिलांकडे गेली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. त्यांनी तिला उचललं नाही. गौरी तिथेच होती, तिच्यामागे रूपाली. तो माणूस पोरीच्या डोक्यावर हात ठेवून नुसता उभा. इकडे बघेना, तिकडे बघेना. सई त्यांची पँट ओढत होती.

रूपालीच बोलली. "घ्या की दादा उचलून. कवाची हात वर करून उभी हाय."

त्यांनी सईला उचललं. गौरीनं आईच्या हातात खाऊचा पुडा दिला, फोडून दे म्हणून. रूपालीनं तो दातानं फोडला आणि दोघी तात्यांच्या मागून घरी गेल्या.  मी पेटीचा भाता बांधत होते. तो नीट बांधायला मला बराच वेळ लागला.

बाई, मी बरोबर केलं का? तुम्ही असतात तर काय केलं असतंत, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. गाणं निवडायचं कसं, ते तुम्ही मला शिकवलंत. थांबवायचं कधी आणि पुन्हा घ्यायचं कधी, त्यावर आपण कधी बोललोच नाही. तुम्ही नदीचं गाणं परत घेतलंत तेव्हा मनात काय होतं? मी विचारायला हवं होतं, तुम्हीही सांगायला हवं होतं. गौरीचं मला गौरीकडूनच कळलं, आणि तेही डब्याच्या सुट्टीत, मी न विचारता दोन दिवस टाळाटाळ केल्यावर.

एक ठरवलंय. जूनमध्ये नवी पोरं आली की मी पहिल्या महिन्यात प्रत्येकाच्या घरी जाऊन येईन. मळ्यात राहतात त्यांच्याकडेही. कोणाच्या घरात कोण आहे, कोण नाही, कोण कधी येतं, पोरगं घरी काय म्हणतं, ते बघीन, आणि मग गाणी ठरवीन. कुणाच्या दारात जायला मला पुन्हा दोन दिवस लागणार नाहीत, असा तुम्हाला शब्द देते.

तुमची,
अश्विनी
बालवाडी, कुंडल